वहिनींचा तिसरा पत्रेवाला

माझ्या वहिनी तोंडात टाचण्या धरून बोलतात. शिंपीकाम करणाऱ्या बाईची ती सवयच असते म्हणा, पण पस्तीस वर्षांत त्यांनी ना एक टाचणी गिळली, ना एक शब्द वाया घालवला. टाचण्या तोंडात असताना त्या बोलतात ते सगळं रोजचं. बाही केवढी ठेवू, उंची किती, चहा टाकू का. टाचण्या काढून बोलायला लागल्या की समोरच्याने सावरून बसावं.

गेल्या वर्षी त्यांच्या कामाच्या खोलीचं छप्पर दुसऱ्यांदा दगा देऊन गेलं, तेव्हा त्यांनी एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या, टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या आणि मला म्हणाल्या, "भावोजी, मी दमले. अजून एकदा पत्रे करून बघते. तेही गळले तर मशीन विकायचं आणि पोराकडे जाऊन राहायचं. मग मला कुणी अडवू नका."

मी कसला अडवतोय? अडवायला तोंड लागतं, आणि ते मी आधीच घालवून बसलो होतो. कसं, ते सांगतोच.

वहिनींचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की एकच लांबलचक खोली. ती खोली म्हणजे दुकान. दाराजवळ आरसा. मध्ये कापायचं टेबल, म्हणजे एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं. त्या दाराची कडी अजून तशीच आहे आणि कापताना दर वेळी त्यांच्या हाताला लागते. काढून टाका म्हटलं तर म्हणतात, राहू दे, सवय झालीय. खिडकीपाशी दोन मशीन, एक चालू आणि एक कायमचं रुसलेलं. मागच्या भिंतीला भलंमोठं कपाट. आणि या सगळ्यावर पत्रे.

आरशाशेजारी एक खिळा आहे, त्याला सात-आठ कपडे अडकवलेले असतात. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, नमुने असतील. ते वहिनींचं बिघडलेलं काम आहे. एका शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब, एका कॉलरचं टोक असं वर वळलेलं की घालणारा माणूस सतत कुणावर तरी चिडलाय असं वाटावं. नवी बाई माप द्यायला आली की वहिनी आधी तिला हा खिळा दाखवतात. "ही कॉलर माझ्या हातून अशी झाली. कॉलरचं काम असेल तर पुढच्या चौकात एक जण चांगलं करतो." हे धंदा बुडवायचे डोहाळे आहेत, असं मी त्यांना कितीदा म्हणालो असेन. पण तो खिळा बघितलेली बाई सहसा परत जात नाही, हेही मी बघत होतो. का जात नाही, ते माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, होता तोवर छप्पर हा विषयच नव्हता. दर वर्षी पावसाच्या आधी एका रविवारी तो त्याची लाकडी शिडी लावून वर जायचा, दिवसभर ठोकठोक करायचा आणि संध्याकाळी डांबराने काळे झालेले हात रॉकेलने धूत बसायचा. वर काय केलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. तीन-चार वर्षं त्याची पुण्याई पुरली. मग पत्र्यांना गंज चढला, आणि तो काय करत होता ते आम्हाला थेंबाथेंबाने कळायला लागलं.

आता माझं. मी विजेचे मीटर वाचायचो. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली आणि दारामागे वाकून आकडे लिहिले. मीटर खोटं बोलत नाही, त्यामुळे माणसांचं खोटं ओळखायची सवय मला लागलीच नाही. बायको माझ्या निवृत्तीआधीच गेली. दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रोज दुपारी चार वाजता वहिनींकडे चहाला येतो. चहा मलाही येतो, पण एकट्यासाठी भांडं विसळायचा कंटाळा. खरं सांगायचं तर दिवसभरात मला दुसरीकडे कुठे जायचंच नसतं. वहिनी पोराकडे गेल्या तर चार वाजता मी काय करायचं, हा प्रश्न मला पडायचा. तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही.

पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, गुणी आहे. लांबच्या शहरात सातव्या मजल्यावर राहतो. दर आठवड्याला फोन करतो, "आई, पुरे कर आता. इथे छप्पर गळत नाही." वहिनी म्हणतात, "छप्पर नाहीच ना, गळेल कसं? वर दुसऱ्याची मोरी आहे." पण हल्ली हे उत्तर त्या हसून देत नव्हत्या.

तर पहिला पत्रेवाला मी आणला. बागेतल्या बाकावरचा माझा मित्र, छपरांची कामं घ्यायचा. मी विषय काढताच म्हणाला, "तुझं घर ते माझं घर." स्वतःच्या घराकडेही तो असंच बघत असणार, हे पुढे कळलं. चार दिवसांत जुने पत्रे निघाले, नवे चढले. काम संपलं त्या दिवशी दुपारी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मला त्यातलं काय कळतं? तुम्ही तेवढं वर जाऊन नजर टाका."

मी खाली आलो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांवर हात धरून बघितलं. पत्रे उन्हात चकचकत होते. मित्र शेजारी उभा. त्याच्यादेखत वर चढून त्याचं काम तपासायचं म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं. शिवाय माझे गुडघे. शिवाय उंचीची मला लहानपणापासून भीती. संध्याकाळी जाऊन वहिनींना सांगितलं, "वर जाऊन बघितलं. काम चोख आहे." लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी टपरीवरून पत्रे हाकले.

तीन आठवड्यांत गळायला लागलं. टेबलावर पडद्यांचं निळं कापड होतं आणि शेजारी एका लहान मुलीचा पांढरा झगा. निळा रंग झग्यावर उतरला. वहिनींनी नवं कापड आणलं, दोन दिवस बसून झगा पुन्हा शिवून दिला, आणि डाग पडलेला झगा खिळ्याला अडकवला. मी म्हटलं, "अहो, यात तुमची काय चूक?"

"टेबल मीच तिथे ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. टाचण्या तोंडातच होत्या.

मित्राला फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला, "बघतो" म्हणाला. त्यानंतर तो नुसता वाजत राहिला. मित्राने बागेत यायची वेळ बदलली. मग मीच बागेत जायचं सोडलं. रोज चार वाजता आरशासमोरून जाताना तो झगा दिसायचा आणि मी मान वळवायचो.

दुसरा वहिनींनी स्वतः निवडला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत पुस्तिका, जिभेवर साखर. पत्रे काढायची गरजच नाही म्हणाला, वरून एक चंदेरी लेप द्यायचा की दहा वर्षं वर बघायला नको. दहा वर्षांचं गॅरंटी कार्डही दिलं. वहिनींनी ते भिंतीला चिकटवलं. पुढच्या पावसात पहिला ओघळ नेमका त्या कार्डावरून आला आणि 'दहा' ही अक्षरं फुगून विरघळली. कार्डावरच्या नंबरावर फोन केला तर एका दातांच्या दवाखान्यातली बाई उचलायची. तिसऱ्यांदा केला तेव्हा ती म्हणाली, "काका, दात दुखत असेल तर या, नाहीतर ठेवा."

त्याच दिवशी वहिनींनी टाचण्या काढल्या होत्या.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्यात फुंकायचंही त्राण उरलं नव्हतं. उन्हाळा संपत आला तरी वहिनी पत्रेवाल्याचा विषय काढेनात. मी काढला तर म्हणायच्या, "उद्या बघू." शेवटी एक दिवस कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "मला आता माणसं ओळखायचा कंटाळा आलाय, भावोजी. गोड बोलतो का, स्वच्छ दिसतो का, बघून बघून डोळे दुखले. बोलवा ज्यांना बोलवायचं त्यांना. मी एकच गोष्ट विचारणार."

चार जणांना निरोप दिले. पहिला गाडीतून आला. मोबाइलवर त्याने पन्नासेक छपरं दाखवली, सगळी रस्त्यावरून काढलेली. ते टपरीवरचं दृश्य माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. वहिनींनी सगळी बघून घेतली आणि विचारलं, "छान. आता तुमचं बिघडलेलं एखादं काम दाखवा."

तो हसला. "बाई, आमचं एकही काम आजवर बिघडलेलं नाही."

"मग फार केलेली दिसत नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.

दुसऱ्याने बिघडलेली कामं कबूल केली, पण एक मालामुळे बिघडलं होतं, एक कामगारांमुळे, आणि एका ठिकाणी म्हणे घरमालकच पत्र्यांवर नाचला होता. तिसरा आलाच नाही. त्याचे आभार, आमचा चहा वाचला.

चौथा आला तो साठीच्या आसपासचा, काटकुळा, थोडा पोक आलेला. खुर्ची दिली तर बसला नाही. मान वर करून बराच वेळ पत्र्यांची खालची बाजू बघत राहिला. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना ठिगळं होती. वहिनींची नजर आधी तिथे गेली.

"ठिगळ कुणी लावलंय?"

"मीच. का?"

"धागा जाड वापरलाय."

"पातळ टिकत नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "गळायला लागतं तेव्हा पहिला थेंब कुठे पडतो?"

दोन वर्षांत आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. वहिनींनी जागा दाखवल्या. पाचही जागा त्यांना पाठ होत्या, तिथे तिथे फरशीवर पाच टबांच्या गोल खुणा पडल्या होत्या. तो प्रत्येक खुणेवर उभा राहून वर बघून आला. मग वहिनींनी त्यांचा प्रश्न विचारला. बिघडलेलं काम दाखवा.

त्याने एकदा जिन्याकडे बघितलं. मला वाटलं, हाही उतरणार.

"आहेत तशी बरीच," तो म्हणाला. "कुठलं दाखवू?"

"सगळ्यात वाईट."

त्याने मान खाजवली. "मग लाँड्री. पण ती बाई मला शिव्या देईल."

"देऊ दे."

"तुमच्यासमोर देईल."

"त्यासाठीच तर येतोय," वहिनी म्हणाल्या आणि गळ्यातली टेप न काढताच चपला घालून निघाल्या.

लाँड्रीत उकडत होतं. एक धिप्पाड बाई चादरीला इस्त्री करत होती. पत्रेवाल्याला दारात बघताच तिने इस्त्री उभी केली. "आलास? आता आणखी काय राहिलंय?"

"या बाईंना माझं काम बघायचंय."

"हं! बघा, बघा." ती वहिनींकडे वळली. "चार वर्षं झाली. याने त्या भिंतीकडचा पत्रा बोटभर आखूड कापला. पहिल्याच पावसात इस्त्रीच्या गठ्ठ्यांवर पाणी! वीस घरांचे कपडे मी पुन्हा धुतले."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय! बोलावलं तर आला. भर पावसात वर चढला, काहीतरी चिकटवलं. पुन्हा गळलं, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तो अख्खा पत्राच घेऊन. म्हणे, माझ्याच कापण्यात चूक होती. दोन दिवस दुकान बंद माझं! नुसतं डोकं उठवलं. आणि आता दर वर्षी येतो, न बोलावता. वर धपधप करतो आणि खाली उतरला की चहा मागतो."

"आता गळतं का?"

"आता कशाला गळेल?" लाँड्रीवाली चिडूनच म्हणाली आणि इस्त्री उचलली.

वहिनी मान वर करून त्या भिंतीकडच्या पत्र्याकडे बघत होत्या. बाकीचे मळकट झाले होते, तो एकटा जरा उजळ होता. उसवून पुन्हा घातलेली शिवण त्या ज्या नजरेने बघतात, तीच ती नजर. पत्रेवाला मात्र खाली जमिनीकडे बघत उभा होता.

परतताना मला राहवेना. "वहिनी, तो तर आपण होऊन सांगतोय की त्याने बिघडवलं! असल्या माणसाला काम द्यायचं?"

"बिघडवतात सगळेच, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सांगतो कोण?"

त्या सहजच बोलल्या असतील. पण चोराच्या मनात चांदणं. दारात वहिनींनी पत्रेवाल्याला विचारलं, "मोजमाप कधी घेता?"

काम सुरू झालं तसं वहिनींनी चालू मशीन खाली आणून पुढच्या खोलीत लावलं. दुसऱ्या दिवशी मी चारला गेलो तर पत्रेवाला एक जुना पत्रा अंगणात उतरवून आम्हाला दाखवायला थांबला होता. त्याने चंदेरी लेपाची खपली नखाने काढली. ती सालीसारखी निघाली.

"हे बघा. पत्र्याला असे उंचवटे असतात आणि मध्ये खोलगट. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, म्हणजे पाणी बाजूने निघून जातं. इथे सगळे खोलगटात मारलेत, पाणी वाहतं तिथेच. आणि खाली रबराचा वॉशर नाही. एवढी भोकं पाडल्यावर वरून कसलाही लेप लावा." त्याने पत्रा भिंतीला टेकवला. "काम झालं तेव्हा कुणीतरी एकदा वर यायला हवं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो हात झटकून पुन्हा वर गेला. अंगणात मी आणि वहिनी. त्या पत्र्याला ओळीने पडलेली भोकं होती आणि त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

"वहिनी, मी तेव्हा..."

"शिडी माझ्याकडे होती हो, भावोजी."

मला कळेना. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, तळहातावर ठेवल्या. "तुमच्या मित्राची माणसं सकाळीच त्यांची शिडी घेऊन गेली होती. यांची शिडी कपाटामागे. मी दिवसभर त्याच खोलीत शिवत बसले होते. तुम्ही टपरीवर उभे होतात. खिडकीतून दिसतं की."

"म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही चहाला यायचं बंद केलं असतं."

एवढं बोलून त्यांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि आत गेल्या. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी अंगणात उभा राहिलो. लाज वाटली म्हणावं तर लाज वाटायलाही अंगात थोडा जोर लागतो, तो नव्हता. एक खोटं दोन वर्षं उचलून मी दमलो होतो, आणि ते खोटं आहे हे माहीत असून रोज मला चहा देऊन त्याही दमल्या होत्या.

पाचव्या दिवशी काम संपलं. पत्रेवाला म्हणाला, "बाई, वर या. तुम्ही बघितल्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही." एकसष्ट वर्षांच्या माझ्या वहिनी, गळ्यात टेप, त्याच्या लोखंडी शिडीवरून वर गेल्या. मी खाली शिडी घट्ट धरून डोळे मिटून उभा. वरून आवाज आला, "शिवण सरळ आहे." उतरल्यावर पत्रेवाल्याने मला विचारलं, "काका, तुम्ही येताय?"

"माझे गुडघे..." मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि शिडी काढली. वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मशीन पुन्हा वर खिडकीपाशी आलं आणि पाऊस सुरू झाला. वहिनी रोज सकाळी पाचही टब त्यांच्या त्यांच्या खुणांवर मांडायच्या आणि संध्याकाळी कोरडे उचलून ठेवायच्या. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाल्या, "नव्याचे नऊ दिवस." पलीकडच्या गल्लीतली एक शिंपीण मशीन विकायचं आहे का म्हणून दोनदा विचारून गेली होती. पोराने त्याच्याकडची एक खोली रिकामी केली होती आणि भिंतीला रंग कोणता लावू म्हणून विचारत होता. वहिनी दोघांनाही सांगायच्या, "थांबा जरा." चार आठवडे असेच गेले.

पाचव्या आठवड्यातला कुठलासा वार. चार वाजले होते, पावसाने चांगलाच जोर धरला होता. वहिनी चहा करायला खाली गेल्या होत्या आणि मी वर एकटाच होतो. टबांना जागा म्हणून टेबल भिंतीकडे सरकवलेलं, त्यावर शाळेच्या गणवेशाचं करडं कापड पसरलेलं, त्यावर खडूच्या रेघा. टप्प असा आवाज आला.

कापडावर एक काळा ठिपका. मी वर बघितलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात, पाचांपैकी कुठल्याही टबाच्या वर नाही, तिथे पत्र्याला एक थेंब लोंबत होता. बराच वेळ लोंबला आणि पडला.

माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. कापड दोन हात अलीकडे ओढायचं, ठिपका वाळेपर्यंत वर माझी छत्री ठेवायची, एक टब सहज पायाने सरकवायचा. उद्या गुपचूप जाऊन पत्रेवाल्याला गाठायचं. वहिनींना कळणारही नाही. कळलं तर मशीन जाईल, वहिनी जातील, आणि चार वाजता मी माझ्या घरात घड्याळाकडे बघत बसेन. मला भीती वाटली. टपरीवर वाटली होती त्याहून कितीतरी जास्त. जिन्यावर पावलं वाजली. वहिनी दोन कप घेऊन दारात आल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "गळतंय."

त्यांनी कप खिडकीत ठेवले. टेबलापाशी आल्या, ठिपक्यावर बोट टेकवलं, वर बघितलं. कापड घडी करून बाजूला ठेवलं, टेबल ओढलं आणि एक टब त्या जागी आणला. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग म्हणाल्या, "फोन लावा."

"पोराला?"

"त्याला कशाला? पत्रेवाल्याला."

मी लावला. वाजायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. वहिनी माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. चार वेळा वाजला. पाच वेळा. मला तो बागेतला मित्र आठवला, दातांचा दवाखाना आठवला. सहाव्यांदा वाजणं मधेच थांबलं आणि पावसाच्या आवाजातून कुणीतरी ओरडलं, "बोला काका!"

"गळतंय हो."

"कुठे? भिंतीकडच्या कोपऱ्यात?"

"हो. तुम्हाला कसं..."

"त्या भिंतीची चीर मी भरली होती, पण मला शंका होतीच. थेंब भराभर पडतोय का थांबून थांबून?"

"थांबून थांबून."

"मग तीच. येतो."

"आत्ता? या पावसात?"

"पाऊस थांबल्यावर काय दिसणार? पाणी चालू आहे तोवरच कुठून येतं ते कळतं. अर्ध्या तासात पोचतो. माझी शिडी दुसऱ्या कामावर अडकलीय. तुमच्याकडे आहे का?"

मी फोन छातीशी धरला. "वहिनी, येतोय म्हणाला. शिडी आहे का विचारतोय."

वहिनी स्टुलावर बसल्या. दोन वर्षांत त्या खोलीत मी त्यांना नुसतं बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. हात मांडीवर, रिकामे. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. टबात थेंब पडत होते. त्यांनी चहाचा कप उचलला आणि सावकाश सगळा संपवला. मग उठल्या, करडं कापड घेतलं, मशीनवर बसल्या आणि गादीतल्या टाचण्या एकेक करून ओठांत धरल्या.

"मशीनचं मग काय ठरवताय?" मी भीतभीत विचारलं.

"कुठल्या मशीनचं?" त्या टाचण्यांमधूनच म्हणाल्या. "शिडी आहे म्हणून सांगा त्याला. आणि काढून ठेवा. या वेळी त्याच्या मागोमाग तुम्हीही वर जा आणि खाली येऊन मला सांगा, काय बघितलं ते."

फोनवर तो अजून थांबलेलाच होता. मी शिडी आहे म्हणून सांगितलं आणि कपाटामागे हात घातला. शिडीला जळमटं लागली होती. दोन पायऱ्यांवर दादाच्या बोटांचे डांबराचे ठसे होते. मी ती बाहेर ओढली. वाटलं होतं त्याहून जड निघाली. इतक्या वर्षांत मी ती कधी उचललीच नव्हती.